थंडी वाजते का

२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

पोचले. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी काचेच्या भट्टीच्या बाजूला. काम कळलं. बाटल्या पट्ट्यावरून येतात, मागे दिवा असतो, मी तडा शोधायचा. मिनिटाला चाळीस बाटल्या. अंगाला घामाची धार असते. नोव्हेंबर लागला हे इथे कॅलेंडर पाहिलं तरच कळतं. सहा महिने काढले की नोकरी कायम आणि बदली परत घराजवळच्या कारखान्यात. सहाच महिने.

आता मुद्द्याचं. भिंगरीच्या फुटबॉलला मी हो म्हटलं ते तुम्ही आणि तुमचे दादा दोघंही माझ्यामागे लागलात म्हणून. मागचा फेब्रुवारी तुम्ही विसरला नसाल. सात दिवस आपण दोघी तिच्या छातीची घरघर ऐकत बसलो होतो. ती आता नऊ वर्षांची आहे, पण फुप्फुसं तीच आहेत.

म्हणून कपडे असे: सुती बनियन, त्यावर फ्लॅनेलचा शर्ट, एक बिनबाह्यांचा स्वेटर, एक बाह्यांचा, वर कापूस भरलेलं जाकीट. खाली लोकरीची विजार, तिच्यावर खेळाची पँट. मोजे दोन जोड. कानटोपी, मफलर, हातमोजे.

आणि एक अट. बसमध्ये चढताना तिला सांगितली, तुम्हालाही सांगते. एकदा जरी ती कुडकुडताना दिसली, तर सराव बंद. कायमचा.

हे फोनवर नको. इथला फोन ऑफिसात आहे. रविवारी दहा मिनिटं मिळतात, मागे रांग असते, आणि तिकडे भिंगरी तुमच्या कोपराला लटकलेली. तुम्ही लिहा. तुमच्या दादांना लिहून उपयोग नाही. ते पत्र वाचतात, खिशात ठेवतात आणि पँट धुवायला टाकतात.

तुमची वहिनी


१० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझी यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. दादा तिला आरोपपत्र म्हणतो.

तू काळजी करू नकोस. माणसांना थंडीसाठी कपडे घालणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. कोल्ड स्टोरेजच्या कपडेखोलीत मला आता अकरावं वर्ष. आत उणे अठरा असतं. आत जाणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या खिडकीसमोर उभा राहतो. नंबराचा कोट, हातमोजे, बूट मी देते. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर. पन्नाशीचे बाप्ये शाळकरी पोरांसारखे हनुवटी वर करून उभे राहतात, कारण गळ्याचं बटण लावलेलं नसेल तर मी दार उघडू देत नाही.

भिंगरीलाही तोच नियम. बुधवारी आणि शनिवारी सव्वातीनला तिला स्वयंपाकघरात स्टुलावर उभी करते आणि आतून बाहेर चढवत जाते. तेरा मिनिटं लागतात. शेवटी तिचे हात खाली येत नाहीत, बाजूला तरंगत राहतात. दादा या रविवारी ट्रक घेऊन परत आला, तर त्याच्यासाठी तिने सगळं पुन्हा घालून दाखवलं. तो म्हणाला, "हिला पोस्टात टाकायची आहे का?"

मैदान शाळेच्या मागे आहे. तारेच्या कुंपणापलीकडे कालवा, वारा तिकडून येतो. शिकवणारे सर बेकरीत काम करतात, सकाळी पाव भाजतात आणि चारला शिट्टी घेऊन हजर. मुलं भिंगरीला 'गादी' म्हणतात. "ए गादी, सरक!" ती चिडत नाही. एवढ्या कपड्यांत पळता येत नाही, म्हणून सरांनी तिला गोलमध्ये उभं केलं आहे.

तुझी एकुलती नणंद (म्हणून सहन कर)


१७ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

गोलमध्ये उभी असते हे वाचून जीव भांड्यात पडला. पळणं नाही, घाम नाही, पडणं नाही. सरांना माझा निरोप सांगा, तिला तिथेच ठेवा.

दर वेळी तिला विचारत जा, थंडी वाजते का. तिच्या तोंडून ऐका. मला तिथलं काही दिसत नाही, आणि दिसत नाही ते मला मोठं मोठं दिसत राहतं.

काल माझ्या हातून एक तडा निसटला. पेटी भरताना बाटली एका बाईच्या हातात फुटली. तीन टाके पडले. मला कोणी काही बोललं नाही. पण मला सारखं वाटतं की मी तो पाहिला होता. पाहिला आणि जाऊ दिला.

तुमची वहिनी


२६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

सरांशी वाजलं. शनिवारी सगळ्या आयांसमोर मला म्हणाले, "बाई, हिचे तीन कपडे काढा."

"का?"

"मैदानात येताना मूल जरा काकडलेलं पाहिजे. धावलं की ऊब येते. तुम्ही ऊब घरूनच बांधून आणता. मग घाम जाणार कुठे?"

"तुम्ही पाव भाजा," मी म्हटलं. "थंडीचं मला शिकवू नका."

"गरम पाव फडक्यात घट्ट गुंडाळला तर तोसुद्धा ओला होतो, बाई."

दोन आया फिदीफिदी हसल्या. मी एकही कपडा काढला नाही. सर फटकळ आहेत, पण वाईट नाहीत. गोलसमोर उभं राहिल्याने पोरं आखडतात, म्हणून मधेमधे भिंगरीलाही मैदानाला चार चकरा मारायला लावतात.

तू सांगितल्याप्रमाणे रोज विचारते. "थंडी वाजते का?" "नाही." लगेच उत्तर. अजून एकदाही मी तिला कुडकुडताना पाहिलेली नाही. आणि तुझी लेक मोठी झाली आहे. मैदानावरून आली की न्हाणीघरात जाते, कडी लावते, आपले आपण कपडे बदलते. बनियन स्वतः धुऊन वाळत टाकते. मी म्हटलं, चला, एक काम कमी झालं.

तुझी नणंद


४ डिसेंबर

प्रिय वन्सं,

एकही कपडा काढू नका. तो माणूस पाव आणि पोरं यांत फरक करत नसेल तर तुम्ही करा.

बनियन स्वतः धुते? घरी असताना जेवलेलं ताट उचलत नव्हती. मी जवळ नाही म्हणून शहाणी होते आहे, असं मनात आलं आणि पट्टा चालू असताना मला रडू आलं. शेजारचीने माझ्या वाटच्या बाटल्या पाहिल्या.

या पत्राबरोबर पार्सल टाकलं आहे. अजून एक स्वेटर, गळा बंद असलेला. सगळ्यांच्या आतून घाला.

तुमची वहिनी


१७ डिसेंबर

प्रिय वहिनी,

पार्सल मिळालं. भिंगरीला थोडी सर्दी आहे, म्हणून सराव आठवडाभर बंद. बाकी सगळं ठीक. स्वेटर छान आहे.

तुझी नणंद


२२ डिसेंबर

वन्सं,

चार ओळी. दुकानातून काय आणायचं त्याची चिठ्ठीसुद्धा तू पानभर लिहितेस.

चौदा तारखेला फोन केला तर हे म्हणाले, झोपली आहे. सकाळी अकरा वाजता? काल केला तर म्हणाले, बाहेर गेली आहे. सर्दी झालेली मुलगी बाहेर कुठे गेली? यांना खोटं बोलता येत नाही. आधी घसा खाकरतात. दोन्ही वेळा खाकरले.

काय झालं आहे ते लिही. ती जिवंत आहे का एवढं पहिल्या ओळीत लिही, मग बाकीचं. मी पाकीट उघडून पहिली ओळ आधी वाचणार आहे.


२८ डिसेंबर

वहिनी, ती जिवंत आहे, बरी आहे, आत्ता माझ्यासमोर बसून संत्रं सोलते आहे.

आता बाकीचं.

तेरा तारखेचा शनिवार होता. तुझा नवा स्वेटर आदल्या दिवशीच आला होता, तो सगळ्यांच्या आतून घातला. कपडेखोलीत माझं तासाभराचं काम उरलं होतं, म्हणून तिला मैदानावर सोडून मी कामावर गेले. साडेपाचच्या जरा आधी परत आले. वारा सुटला होता. नेहमी पुढे खेळणारी मुलगी आली नव्हती, म्हणून सरांनी पहिला अर्धा तास भिंगरीला पळवलं. तिला फार आनंद झाला, असं सर नंतर म्हणाले. जीव तोडून पळाली. मग ते तिला परत गोलमध्ये ठेवून दुसऱ्या टोकाला शिकवत बसले. जवळजवळ तासभर ती एका जागी उभी होती.

मी कुंपणातून पाहिलं. चेंडू तिच्या पायाजवळून आत गेला. तिने मान वळवली नाही. पोरं ओरडली, "गादी झोपली!" मी आत गेले आणि विचारलं, "थंडी वाजते का?"

"नाही," ती म्हणाली. पण तो शब्द जिभेवरून घसरत आला, तोंडात गरम घास असावा तसा.

आणि ती कुडकुडत नव्हती. अजिबात नाही.

वहिनी, आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात की कुडकुडणारा माणूस ठीक असतो. त्याचं अंग लढत असतं. कुडकुडणं थांबलं आणि माणूस अजून थंडीत असला, की धावायचं. हे मला पाठ आहे. मी तिच्या गळ्यातून आत हात घातला. जाकीट कोरडं होतं. त्याखाली सगळं ओलं. बनियन पिळलं असतं तर पाणी निघालं असतं, आणि ते पाणी गार होतं. बुटात दोन मोजे इतके आवळले होते की बोटं पांढरी पडली होती.

मी तिथेच, मैदानात, तिचे सगळे कपडे काढले. सरांनी आपला ओव्हरकोट पसरून आडोसा धरला. मी माझा स्वेटर तिच्या उघड्या अंगावर चढवला, तिला छातीशी धरलं आणि बेकरीच्या गाडीत बसले. सर गाडी चालवत होते आणि स्वतःलाच शिव्या देत होते. गाडीत पाचेक मिनिटांनी ती कुडकुडायला लागली. इतकी की माझी हनुवटी तिच्या डोक्यावर आपटत होती. त्या आपटण्याने मला रडू फुटलं.

दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. छाती तपासली, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. मग अशक्तपणा होता, आता नाही. तुला सांगायचं नाही हे मी ठरवलं. दादा म्हणत होता, लपवू नको. खाकरला तो माझ्यामुळे.

दोन गोष्टी अजून सांगायच्या आहेत. पहिली माझी.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे अकरा नंबरचा कोट घालणारा माणूस होता. एक दिवस बाहेर पेट्या उतरवून घामाघूम होऊन आला. मी बनियन तपासलं नाही, वरून कोट दिला. पहिल्या फेरीनंतर त्याला विचारलं, थंडी वाजते का. म्हणाला, "आता नाही वाजत, बाई." मी 'ठीक' लिहून त्याला परत आत सोडलं. तो पेट्यांच्या मधे बसलेला सापडला. डाव्या हाताची तीन बोटं गेली. आता गेटवर बसतो. सकाळी मला हात करतो, तोच हात. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवसापासून मी कपडा कमी पडू देत नाही. तुझी यादी आली तेव्हा मला ती जास्त वाटली नाही. मला ती बरोबर वाटली. आणि आमची माणसं आत पळत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसरी भिंगरीची. दवाखान्यात मी तिला विचारलं, तुला आधी कधीच थंडी वाजली नाही का? म्हणाली, रोज वाजायची. मग सांगितलं का नाहीस? ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मीच लहान आहे. "आई म्हणाली होती ना, कुडकुडले तर बंद."

न्हाणीघरात कडी लावून ती गार पाण्यात हात घालून उभी राहायची आणि आरशात बघत जबडा हलू न देण्याचा सराव करायची. दातांत रुमालाचं टोक धरून. ओलं बनियन मला दिसू नये म्हणून धुऊन टाकायची. सहा आठवडे.

काय लिहायचं ते लिही.

तुझी नणंद


४ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र मी फाडलं. मग जमिनीवर बसून जोडलं.

आधी तुमच्यावर संताप आला. तो दोन दिवस टिकला. राजीनामा लिहिला, तो अजून पिशवीत आहे. मग संताप उतरला आणि त्याच्याखाली दुसरंच काही निघालं.

अट माझी होती. बसच्या पायरीवर मी तिची हनुवटी धरून घातली, हसत हसत. तिला विचारत जा असं तुम्हाला बजावलं, आणि तिला द्यायला एकच उत्तर ठेवलं.

मला आता कपड्यांची भीती वाटत नाही. हवेचीही नाही. नऊ वर्षांच्या मुलीला जबडा दाबून धरता येतो, याची वाटते. ती अजून काय काय दाबून धरत असेल? कानात दुखलं तर सांगेल का? रस्त्यात कोणी हात धरला तर? मी विचारेन आणि ती लगेच म्हणेल, नाही. आणि तिचा चेहरा अगदी सरळ असेल. चेहरा सरळ ठेवायला तिला मीच शिकवलं.

सराव बंद केला तर ती एवढंच शिकेल की पकडलं गेलं की खेळ जातो. पुढच्या वेळी जास्त नीट लपवेल. चालू ठेवला तर तो वारा आणि ती छाती. मी दोन्ही बाजूंनी जाऊन पाहिलं, मला पुढे जाता येत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली तर तुम्ही ठरवा. तुम्ही जवळ आहात.

गेटवरच्या माणसाचं मला आधी सांगायला हवं होतं. मी तुम्हाला दगड समजत होते.

तुमची वहिनी


१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

डॉक्टरांनी हो म्हटलं. मी बेकरीत गेले. सरांपुढे काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्यांनी हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाले, "आधी पाव खा, बाई. मलाही तुमच्याशी बोलायचं होतं. तासभर मी तिच्याकडे बघितलं नाही." दोघंही मान खाली घालून पाव खात बसलो.

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. अंगाला लागून पातळ लोकरीचा कपडा, सुती काही नाही. वर वारा अडवणारं पातळ जाकीट. मोजा एकच, बूट जरा सैल. कानटोपी हवी, मफलर नको, अडकतो. पिशवीत कोरडा जोड आणि जाड जाकीट. थांबायची वेळ आली की आधी ओलं काढायचं, मग जाड घालायचं. गोलमध्ये दहा मिनिटांपेक्षा जास्त कोणी नाही. घरातून निघताना तिला थोडी थंडी वाजली पाहिजे. हे शेवटचं लिहिताना माझा पेन थांबला होता.

भिंगरीला मी सांगितलं की अट गेली. थंडी वाजली तर सांगायचं, कपडे बदलायचे आणि परत खेळायचं. ती "बरं" म्हणाली. मला ते "बरं" आवडलं नाही.

परवा शनिवारी पहिल्यांदा नेलं. तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा "नाही". वहिनी, तिचे ओठ निळसर होते आणि जबडा दगडासारखा. ती खोटं बोलते आहे हे मला दिसत होतं. घरी नेलं असतं तर थंडी दिसली की खेळ बंद, हे तिचंच खरं ठरलं असतं. ठेवलं तर... मी चाळीस मिनिटं कुंपणाची तार धरून उभी होते. दर दहा मिनिटांनी सर शिट्टी मारून सगळ्यांनाच ओलं असेल ते बदलायला लावत होते, म्हणून निभावलं. एरवी मला जमलं नसतं.

माझ्या शब्दाला तिच्यापाशी किंमत नाही. तिचा करार तुझ्याशी आहे.

तुझी नणंद


१८ जानेवारी

आई,

आत्याने पाकिटावर पत्ता लिहिला आहे पण आतलं तिने वाचलेलं नाही. मी तिला वाचू दिलं नाही.

मी खरं सांगणार आहे. काल मला थंडी वाजली. खूप वाजली. आधी मी सांगितलं नाही. मग बोटं दुखायला लागली आणि मला दवाखाना आठवला. तिथे हाताला सुई लावलेली होती ते मला आवडलं नव्हतं. म्हणून मी गोल सोडून आत्याकडे गेले आणि सांगितलं. चेंडू नेमका तेव्हाच आला आणि गोल झाला. सगळे ओरडले.

आत्याने लगेच पिशवी उचलली. शेडमध्ये नेऊन माझे कपडे बदलले. तिचे हात इतके कापत होते की चेन लागत नव्हती. मी विचारलं, आत्या, तुला थंडी वाजते का. ती म्हणाली, नाही. ते खोटं होतं.

मग मला वाटलं आता घरी. पण ती म्हणाली, जा. मी परत गेले. नंतर दोन अडवले आणि एक गेला. आता मला कोणी गादी म्हणत नाही, काडी म्हणतात. सर म्हणतात मला पळता येतं.

आता तू सांग, सराव बंद का? आत्या म्हणते नाही. पण अट तू घातली होतीस. मी खरं सांगितलं म्हणून बंद केलास तर मला खूप राग येईल आणि मी पुन्हा काही सांगणार नाही. लवकर लिही.

भिंगरी


२४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आज जेवणाच्या सुट्टीत मिळालं. सुट्टी संपायच्या आत उत्तर लिहिते आहे.

सराव चालू. अट मी घातली होती, मीच काढते. ती चुकीची होती.

बोटं आता दुखतात का? कोणती? खरं लिही.

तू खरं लिहिलंस, म्हणून मीही लिहिते. मला भीती वाटते. बुधवारी आणि शनिवारी, चारला मी घड्याळाकडे बघते, आणि साडेपाचपर्यंत समोरून बाटल्या जातात त्या मला दिसत नाहीत. मुकादम दोनदा ओरडले. तू पळत असतेस तेव्हाही भीती वाटते, उभी असतेस तेव्हाही. आत्ता लिहितानाही वाटते आहे. तुझ्या आत्यालाही वाटते, तू पाहिलंसच. ही भीती आमची आहे. ती जावी म्हणून तू काही करायचं नाहीस. आम्ही घाबरू म्हणून काही लपवायचंही नाहीस. थंडी वाजली की सांगायचं.

घंटा झाली.

शनिवारी जा.

आई